सहा भिंतींचा गिलावा

१२ फेब्रुवारी, बुधवार

ही वही मापांची आहे. पुढून उघडली तर खोल्यांची लांबी-रुंदी, किती घमेली वाळू, किती पोती सिमेंट. आज मागून उलटी धरून लिहायला घेतली. हॉलमध्ये एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, सगळ्यांना म्हणाल्या, मनात येईल ते लिहून काढा, झोप लागेल. मी म्हटलं, बाई, झोप मला लागते, शेजारचा घोरतो म्हणून मोडते. त्या हसल्या नाहीत. दिवसभरात हाच विनोद त्यांनी चाळीस वेळा ऐकला असेल.

भूकंपाला आज नऊ दिवस झाले. शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये आम्ही बेचाळीस कुटुंबं आहोत. जमिनीवर खेळाच्या रेषा आखलेल्या आहेत, त्यांवर दोऱ्या बांधून चादरी सोडल्या की झाली घरं. आमच्या वाट्याला गोलाचा पाव भाग आला. त्यात मी, ही, आठ वर्षांची चिमणी आणि बाबा. बाबांचं वय आता ऐंशीला टेकलं. मला गिलाव्याचं काम त्यांनीच शिकवलं, पण आता डोकं ठिकाणावर नसतं. बोटाच्या पेरानं सारखं काहीतरी ठोकत बसतात. जमीन ठोकतात, पाण्याचा डबा ठोकतात, काल शेजारच्या बेकरीवाल्याची पत्र्याची पेटी ठोकली. तो म्हणाला, "काका, आत कुणी नाही." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरांवर रंग मारायला इंजिनीअर येणार आहेत. हिरवा म्हणजे खुशाल राहा. पिवळा म्हणजे दुरुस्त करा, मग पुन्हा तपासू. लाल म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही, घर पाडणार. लालवाल्यांना पत्र्याच्या खोल्या देणार म्हणे, पण कधी ते विचारलं की माणूस दुसऱ्या खिडकीवर पाठवतो.

आमच्या घराला हिरवा मिळालाच पाहिजे. दोनच खोल्या आहेत, पण प्रत्येक वीट मी आणि बाबांनी हातानं लावलेली आहे. काम सुटल्यावर संध्याकाळी उरलेल्या उजेडात बांधलं, त्यात चार वर्षं गेली. ते जर पाडलं तर या वयात पुन्हा उभं करायची ताकद माझ्यात नाही. हे मी कुणाला बोललो नाही, इथे लिहितोय.

मागच्या भिंतीला भेग गेलीय तेवढीच. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरकी. बाकी घर ठणठणीत आहे.

हिचं म्हणणं वेगळं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कपडे आणायला गेलो होतो. ही अंगणात उभी होती आणि चिमणीनं आतून त्या भेगेत हात घातला. बाहेर हिला भिंतीतून चार बोटं हललेली दिसली. तेव्हापासून ही घराचं नाव काढलं की गप्प होते. लहान मुलांची बोटं बारीक असतात, कुठेही जातात. एवढ्याचं काय घेऊन बसायचं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज मागची भिंत केली. पोलिसानं दोन तासांसाठी आत सोडलं. भेगेत विटांचे तुकडे ठासले, गोणपाट कोंबलं, त्यावर जाड माल मारला, मग पातळ हात, आणि शेवटी स्पंज गोल गोल फिरवून भिंत लोण्यासारखी केली. एकतीस वर्षं हे काम करतोय. फाटका सदरा घालून मी दारात उभा राहणार नाही, तशी भेग उघडी टाकून परक्या माणसाला घरात घेणार नाही. लपवायचा प्रश्नच नाही, दुरुस्त केली.

नवा डाग उठून दिसू नये म्हणून दोन दिवसांनी चुन्यात चहाचं पाणी टाकून एक हात देईन. जुन्या रंगाशी असा जुळतो की माझा मलाच सापडत नाही. ही कला सगळ्यांना येत नाही.

बाबांना बरोबर नेलं होतं, म्हटलं घर बघून बरं वाटेल. ते खुर्चीवर बसून बघत होते. काम झाल्यावर उठले, भिंतीपाशी गेले आणि पेरानं ठोकली. वर ठोकली, खाली ठोकली. मग म्हणाले, "ही आपली राहिली नाही रे." मी म्हटलं, "बाबा, आपलीच आहे, तुम्ही बांधलीत." ते म्हणाले, "आधी ठोकून बघ." घर ओळखू येईना त्यांना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जमीन दोनदा हलली, सकाळी आणि जेवणाच्या रांगेत. रांग मात्र कुणी सोडली नाही.

उजवीकडच्या चादरीपलीकडे शिंपीणबाई राहतात. एकट्या आहेत. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मुलगा दूर कुठेतरी जहाजावर असतो. भूकंपात त्यांनी घरातून एकच वस्तू बाहेर आणली, कापड कापायची मोठी कात्री. दागिने राहिले, कागद राहिले, कात्री आली. हॉलमध्ये धारदार वस्तू चालत नाही म्हणून दारावरच्या नोंदवहीत ती जमा आहे. रोज सकाळी जाऊन कात्री जागेवर आहे का बघून येतात. दारावरचा माणूस म्हणतो, "बाई, ती पळून नाही जाणार." त्या म्हणतात, "ती नाही जाणार, तुमचा काय भरवसा."

त्यांनी बाबांच्या कोटाचा फाटलेला खिसा हातानंच शिवून दिला. टाका असा की उलटा करून बघितला तरी कळू नये. मी म्हटलं, तुम्ही आणि मी एकाच धंद्यातले. त्यांना आवडलं ते.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिरवा.

इंजिनीअरबाई आल्या होत्या, वय फार तर तीस, डोळ्यांखाली काळं, हातात रंगाचा डबा. एका दिवसात साठ घरं बघायची म्हणाल्या. पुढची खोली बघितली, छत बघितलं, मागच्या भिंतीवर आतूनच तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "ही तर छान आहे." माझी छाती दोन इंच फुगली. दारावर हिरवा गोल मारून पुढच्या घराकडे गेल्या.

हॉलमध्ये येऊन हिला सांगितलं. ही भांडं घासत होती, घासतच राहिली. मी म्हटलं, "ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग?"

"त्यांना बोटं सांगितलीत का?"

असा राग आला म्हणता. जगात कुणाला हिरवा मिळाला की घरचे पेढे वाटतात, आणि ही. दोन तास बोललो नाही. नंतर चहा हिनंच आणून दिला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बातमी फुटली. बेकरीवाला सकाळीच आला. "मिस्त्री, तुमची भिंत बघून आलो. माझ्या भट्टीमागच्या भिंतीला पण तसंच आहे. एक हात मारा ना." मग टेम्पोचा ड्रायव्हर आला. मग त्या दोघी बहिणी, ज्या कुणाशीच बोलत नाहीत, त्याही बोलल्या. मग शाळेचा वॉचमन. कुणाकडून काही घेतलं नाही. माणसानं माणसाच्या उपयोगी पडायचं ते आता नाही तर कधी?

शेवटी शिंपीणबाई. म्हणाल्या, "माझं मशीन मागच्या खोलीत आहे, त्याच खोलीची भिंत. इथे बसून बसून हात लाकूड झालेत. मला घरी जाऊ द्या, मिस्त्री." मी म्हटलं, "तुमचं पहिलं."

मापं पुढच्या पानांवर लिहिलीत. माझी धरून सहा भिंती. भूकंपानंतर पहिल्यांदा कामावरून आल्यासारखा थकून झोपेन आज.

१ मार्च, शनिवार

सहाही घरं हिरवी. हॉलमध्ये मी चाललो की लोक सरकून वाट देतात. बेकरीवाल्यानं भट्टी पेटवली आणि पहिला पाव आम्हाला पाठवला.

शिंपीणबाई आज गेल्या. दारावर सही करून कात्री घेतली, पदरानं पुसली. जाताना हिला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कधी?" ही म्हणाली, "बघू." मला म्हणाल्या, "मिस्त्री, पहिला सदरा तुमचा शिवणार." मी माप दिलं, छाती चाळीस.

हिरव्यावाल्यांनी आठ तारखेपर्यंत हॉल सोडायचा असा कागद लागलाय. बाकीची चार कुटुंबं गेलीसुद्धा. ही रोज नवं कारण काढते. चिमणीला ताप आहे. अंथरुणं धुवायचीत. बाबांना इथली सवय झाली. आज सरळच बोलली, "मी पोरीला त्या खोलीत झोपवणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

मी म्हटलं, "एकतीस वर्षं मी भिंती करतोय की तू?"

"तुम्ही करताय. म्हणून तर."

याचा अर्थ काय ते विचारलं नाही. बायकांच्या मनात एकदा भीती बसली की निघत नाही. आठपर्यंत वाट बघतो. मग हॉलवालेच बाहेर काढतील, तेव्हा येईल मुकाट्यानं.

बाबा चादरीची दोरी बांधलेला खांब ठोकत बसलेत. कुणीतरी त्यांना थांबवा रे.

५ मार्च, बुधवार

दुपारी मोठा हादरा आला. जेवणाची भांडी सरकत सरकत हॉलच्या त्या टोकाला गेली. चिमणी माझ्या पोटाला घट्ट धरून होती. आम्ही सगळे ठीक आहोत.

शिंपीणबाईंची मागची भिंत पडली. त्या मशीनवर बसल्या होत्या.

६ मार्च, गुरुवार

काल ढिगारा उपसायला गेलो होतो. मी पोचलो तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. उजवा हात मशीनच्या चाकात आणि भिंतीत सापडला. रात्रीतच मनगटापासून काढावा लागला.

जे दिसलं ते लिहितो. भिंतीच्या विटा सुट्ट्या होऊन खाली ढीग झाल्या होत्या. पण माझा गिलावा फुटला नव्हता. दरवाजाएवढा एकच पापुद्रा निघून मशीनवर आडवा पडला होता, त्यावर माझ्या स्पंजाचे गोल जसेच्या तसे. माझा हात मी कुठेही ओळखीन. मागे विटा कधीच मोकळ्या झाल्या होत्या आणि माझा पापुद्रा त्यांना वरून झाकून उभा होता, एवढंच ते काम. तिथे काम करणारे लोक म्हणाले, बघा, माल किती चांगला होता.

तिथून घरी गेलो. माझी भिंत उभी आहे. रंग तसाच, एक केसाएवढी चीर नाही. पाचेक मिनिटं नुसता समोर उभा राहिलो. मग पेरानं ठोकली. ढब. वर ठोकली. ढब. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत नुसतं ढब ढब, रिकाम्या डब्यासारखं. हा आवाज पोरवयात बाबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. गिलावा मारायच्या आधी भिंत ठोकायची, हे माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी शिकवत आलो. स्वतःची भिंत ठोकली नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

बाबांना घर ओळखू आलं नाही असं मी सतरा तारखेला लिहून ठेवलंय. आता खोडत नाही.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. शिंपीणबाई जाग्या होत्या. कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलेलं. मला बघून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्यामुळे चार दिवस तरी घरात निजले. नाहीतर तेही नशिबात नव्हतं."

त्या म्हणाल्या, "माझी कात्री राहिली तिथे. मशीनच्या खणात आहे. सापडली तर आणा."

"आणतो," एवढंच बोललो आणि आलो. सांगायला गेलो होतो, सांगितलं नाही. मी भित्रा आहे.

८ मार्च, शनिवार

आज हॉल सोडायचा होता. हादऱ्यामुळे मुदत वाढवली.

सकाळी हिला सगळं सांगितलं. आवाज कसा आला तेही. ही रडेल किंवा बोलेल असं वाटलं होतं. ही म्हणाली, "बाकीच्या चार घरांत माणसं आहेत ना अजून?"

आहेत. बेकरीवाल्याकडे तर दोन लहान पोरं भट्टीशेजारीच झोपतात.

"मग इथे काय बसलात?"

मी म्हटलं, आपलं घर पाडतील. आयुष्यभराचं नाव जाईल. एकालाही पुन्हा हिरवा मिळणार नाही. पत्र्याच्या खोलीत बाबा मरतील. हे सगळं बोललो, एवढा निर्लज्ज झालो होतो. हिनं चिमणीचा हात धरला आणि माझ्यापुढे केला. चिमणीला वाटलं खाऊ मिळणार, तिनं मूठ उघडली.

९ मार्च, रविवार

इंजिनीअरबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या तुमचं घर तपासून झालंय. मी म्हटलं, पाच मिनिटं या. बाबा आणि ही पण आले.

हातोडा आणि छिन्नी घेतली. पहिला घाव घालताना हात उचलेना. बाबा मागून म्हणाले, "खालून घे. वरून घेतलंस तर अंगावर येईल." आवाज अगदी पूर्वीसारखा, मी हाताखाली होतो तेव्हाचा. खालून घेतलं. तीन घावांत पापुद्रा सुटला, गोणपाट लोंबायला लागलं, ते ओढलं आणि भेगेतून मागचं अंगण दिसलं. आता तिच्यातून चिमणीचं डोकं गेलं असतं.

इंजिनीअरबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मी हात फिरवला. ठोकायला हवं होतं." मी म्हटलं, "ते माझं काम होतं." मग वही उघडून पुढची पानं त्यांना दाखवली. कुणाची भिंत, किती लांब, किती उंच, कोणत्या दिवशी. सगळं माझ्याच अक्षरात.

हिरव्या गोलावर त्यांनी लाल मारला. रंग ओला होता म्हणून बाबांना दाराला हात लावू दिला नाही.

१० मार्च, सोमवार

चारही कुटुंबं परत हॉलमध्ये आली. गाद्या, भांडी, पोरं. बेकरीवाल्यानं भट्टी विझवली. माझ्यासमोरून गेला, थांबला, म्हणाला, "मी माझी पोरं त्या भिंतीला पाठ लावून झोपवत होतो, मिस्त्री. ऊब असते म्हणून." पुढे काही शिवी देईल म्हणून मी उभा राहिलो. दिली नाही, गेला. दोघी बहिणींनी त्यांची चादर आमच्या बाजूनं दुहेरी केली.

वाट आता कुणी देत नाही. रांगेत माझ्यामागे जागा सोडून उभे राहतात. ते बरोबरच आहे.

बाबांनी आज काही ठोकलं नाही. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसले होते.

१२ मार्च, बुधवार

ढिगाऱ्यात मशीनचा खण सापडला, कात्री आत होती. धूळ पुसली आणि दवाखान्यात गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. तिथे पोचल्यावर एकही आठवलं नाही, म्हणून जसं झालं तसं सांगितलं. विटा मोकळ्या झाल्या होत्या, मी ठोकून बघितलं नाही, वरून चांगलं केलं. माझ्याही घराचं तेच होतं.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "त्या दिवशी हादरा आला तेव्हा तुमच्या घरचे कुठे होते?"

"हॉलमध्येच."

"तुम्हाला तर माझ्याआधी हिरवा मिळाला होता."

"ही तयार नव्हती यायला."

"वहिनींना कळलं होतं."

"हो."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. बाबांनीही सांगितलं होतं."

नर्स आली, सलाईन बघून गेली. मी कात्री पिशवीतून काढून त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी डाव्या हातानं ती उचलली. अंगठ्याच्या कड्यात अंगठा घालून बघितला, बसेना. बोटं फिरवून घातली, पाती उघडली, पण मिटताना एकमेकांना चिकटेनात. दोनदा केलं. मग कात्री चादरीवरून माझ्याकडे सरकवली.

"ही उजव्या हाताची आहे," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

मी घेतली. हॉलच्या दारावर जमा करायला दिली. माणसानं नोंदवही उघडली आणि जुनं पान काढून म्हणाला, ही त्यांचीच ना, त्यांच्याच नावावर लिहू का? मी म्हटलं, लिही.